इंदुबाईंनी ठेवलेला पाट

पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात मूर्तीसाठी एकदा घरचा पाट नेऊन ठेवला, की त्या घरापुरता तो विषय मिटलेला असतो. मूर्ती केवढी, रंग कोणता, हे पुढं ठरत राहतं. घरात आजारपण निघालं तरी गणपती येतो. सुतक आलं तर शेजारी पूजा करतो, पण मूर्ती कारखान्यात राहत नाही. म्हणूनच इंदुबाईंनी आषाढात तीन पुरुषांना बरोबर घेऊन, आळीच्या टोकाला असलेल्या कमळाकरच्या कारखान्यात पाट ठेवला, तेव्हा कुणाला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. गणपती आणायला परवानगी लागते, हे त्यांनी जन्मात ऐकलेलं नव्हतं.

इंदुबाई आमच्या गावच्या. कासू स्टेशनात उतरून खाडीच्या बाजूला निघालं, की शेतं संपतात आणि खारी जमीन सुरू होते. तिच्या कडेला आमचं गाव आहे. त्यांचे यजमान मिठागरावर कामाला होते. आधी मिठागर बंद पडलं, मग यजमान गेले. मुलगी समीक्षा रोह्याला दिलेली. घराला कुलूप लावून इंदुबाई पेणला पापड लाटायला येऊ लागल्या, आणि तिथून एका संस्थेनं त्यांना स्वयंपाकासाठी नेलं. ही संस्था बुद्धीची वाढ अपुरी राहिलेल्या मोठ्या माणसांना सांभाळते. तिचं मोठं वसतिगृह गावापासून लांब, डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथं जेवणाला घंटा, अंघोळीला घंटा, आणि रात्री एका दालनात ओळीनं खाटा. व्यवस्था वाईट म्हणता येणार नाही. पण तिला घर म्हणता येत नाही, हे चालवणाऱ्यांनाही कळत होतं. म्हणून ज्यांना थोड्या आधारावर राहता येईल, अशा तिघांना वस्तीतल्या साध्या घरात ठेवून पाहायचं ठरलं आणि सोबतीला इंदुबाईंना पाठवण्यात आलं.

कागदोपत्री त्या घराला ‘गटनिवास’ म्हणतात. आळीत त्याचं नाव ‘त्या पोरांचं घर’. त्या पोरांपैकी सगळ्यात धाकटा सुजय तिशीला टेकलेला आहे आणि थोरल्या मोरूचे केस पांढरे झाले आहेत.

मोरू खाडीकडचाच. लहानपणापासून बापाबरोबर मिठागरात राबलेला, अंगानं दणकट. आई-बाप गेल्यावर भावानं त्याला संस्थेत आणून सोडलं. तो फारसं बोलत नाही. अंगण झाडतो, पाणी भरतो आणि काम संपलं की इंदुबाईंकडे पाहतो. सुजय रोह्याचा, डाउन सिंड्रोम असलेला. बाजारात भाजीवाल्या त्याला ‘शेट’ म्हणतात आणि तो त्यांना ‘काय गो, आज भेंडी जून दिलीस तर बघ’ असा दम भरतो. तिसरा रितेश. आतल्या बाजूच्या, भातशेतीच्या एका गावातला. डॉक्टरांच्या भाषेत स्वमग्न. त्याला सांगितलेली गोष्ट सांगितल्याप्रमाणे घडावी लागते. उद्या दूधवाला येईल म्हटलं आणि तो आला नाही, तर रितेशचा दिवस तिथंच थांबतो. मग तो जेवत नाही, आणि कधी कधी कपाळ भिंतीवर आपटतो. हे एकदा ध्यानात आल्यावर इंदुबाईंनी घरात एक नेम घालून घेतला: जे नक्की नाही, ते रितेशसमोर बोलायचं नाही. पाहुणे येणार असले, तरी ते दारात उभे राहीपर्यंत त्या त्याला सांगत नसत. या नेमानं ते घर चाललं होतं.

ते घर मिळवणं सोपं गेलेलं नव्हतं. संस्थेच्या नमिता मॅडम या घरांचं काम पाहतात. त्यांनी आणि इंदुबाईंनी पेणमधली कितीतरी दारं ठोठावली. एका ठिकाणी घरात लेकीबाळी आहेत म्हणून नकार आला, एका ठिकाणी वरच्या मजल्यावर गर्भार सून आहे म्हणून. एका गृहस्थानं फार सुंदर काम करता म्हणून दोघींना चहा पाजला आणि जागा नुकतीच दुसऱ्याला दिल्याचं सांगितलं. ती जागा पुढं वर्षभर रिकामी होती. शेवटी हैबतरावांनी स्वतःच्या घरासमोरचं आपलं जुनं कौलारू घर दिलं. अकरा महिन्यांचा करार. तो संपत आला की इंदुबाईंची झोप उडे, कारण हे घर गेलं तर दुसरं मिळणार नव्हतं आणि तिघांना पुन्हा त्या खाटांच्या ओळीत जावं लागणार होतं. यंदा करार गणपतीनंतर लगेच संपत होता.

तरीही त्यांनी पाट ठेवला. त्याचं कारण आदल्या वर्षीचे गणपती. सुजयला त्याचे वडील रोह्याला घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आणून सोडून गेले. मोरूचा भाऊ आला नाही. रितेशच्या चुलत्यानं फोनसुद्धा केला नाही. आळीत घरोघर आरत्या चालल्या होत्या, आणि नळावर शेजारच्या एका बाईनं मोरूला सहज विचारलं, “काय मोरूशेट, तुमचा गणपती किती दिवसांचा?” तिच्या मनात काही वाईट नव्हतं, पेणमध्ये माणसं त्या दिवसांत एकमेकांना हेच विचारतात. मोरूनं उत्तरासाठी इंदुबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “पुढच्या वर्षापासून दीड दिवसाचा.” आणि बोललेलं त्यांनी धरून ठेवलं.

पाट मोरूनं घासून पुसून लख्ख केला. मूर्ती सुजयनं निवडली, आणि कमळाकरच्या कामगारांना तिचा उंदीर मोठा करायला सांगितला. रितेशला इंदुबाईंनी सांगितलं, की चतुर्थीला सकाळी आपल्या घरी गणपती येणार. ठेवलेल्या पाटावर गणपती आला नाही असं पेणमध्ये होत नाही. त्यामुळं त्यांच्या लेखी हे नेम मोडणं नव्हतंच. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत गणपती छापलेलाच होता. रितेश रोज सकाळी त्याच्यावर बोट ठेवू लागला.

ही गोष्ट हैबतरावांना कमळाकरकडून कळली. त्यांचाही पाट तिथंच असतो. कमळाकर कौतुकानं म्हणाला, की यंदा तुमच्या दोन्ही घरांचे गणपती आमच्याकडं आहेत. हैबतराव तिथून थेट इंदुबाईंच्या दारात आले. एरवी ते ओट्यावर टेकत. त्या दिवशी उभेच राहिले.

“पाट कोणाचा ठेवलात, इंदुबाई?”

“आमचा.”

“आमचा म्हणजे?”

“या घराचा.”

“घर माझं आहे.”

“घर तुमचंच हाय, भाऊ. गणपती यांचा.”

हैबतराव दुष्ट नव्हते, हे मी इंदुबाईंच्याच तोंडून ऐकलं आहे. सगळ्यांनी नाही म्हटल्यावर घर देणारा माणूस तोच. पण त्यांच्या काकांनी एक घर एका शिक्षकाला भाड्यानं दिलं होतं, ते परत मिळालं नव्हतं, आणि ती कथा ते अशी सांगत:

“पहिल्या वर्षी मास्तरांनी दीड दिवसाचा आणला. मग पाच दिवसांचा झाला. मग गौरी आल्या. आता गौरी आल्या म्हणजे त्यांच्या लेकींचं ते माहेरच झालं की. माहेरातनं कोण उठवणार? कोर्टात जाऊन काका संपले. घर अजून मास्तरांच्या नातवाकडे.”

इंदुबाईंनी थट्टेवर नेऊन पाहिलं. ही तिघं कसली कोर्टात जातायत, म्हणाल्या. सुजय वकिलालाच चहा पाजून परत पाठवील. हैबतराव हसले, पण हलले नाहीत. तिघं जाणार नाहीत, संस्था जाईल, म्हणाले. भाडेकरूनं भाड्याच्या घरात राहावं. गणपती बसवला, की तो मूळ धरतो. या घरात गणपती आला तर पुढचा करार होणार नाही.

बोलणं चाललेलं असताना रितेश आतून आला आणि नेहमीच्या एकसुरी आवाजात म्हणाला, “चतुर्थीला येणार. सकाळी.”

“येणार ना,” हैबतराव त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. “माझ्याकडं येणार. तू दर्शनाला ये.”

“आपल्या घरी,” रितेश म्हणाला.

नमिता मॅडम पनवेलहून आल्या. त्यांनी इंदुबाईंना दोष दिला नाही. फक्त हे आधी सांगायला हवं होतं, असं दोनदा म्हणाल्या. आपण भावना समजू शकतो, पण घर टिकणं महत्त्वाचं, तेव्हा पाट परत आणावा. त्यांचं बोलणं बिनचूक होतं आणि तेच इंदुबाईंना सोसवत नव्हतं. रिकामा पाट घरी परत आणायचा नसतो, हे त्या मॅडमना समजावू लागल्या आणि अर्ध्यावर थांबल्या. ज्यांना हे ठाऊक असतं त्यांना ते सांगावं लागत नाही, आणि सांगावं लागलं की ते खुळचट वाटू लागतं.

मग त्यांनी स्वतःच वाट काढली. मूर्ती घडून रंगाला आलेली होती. ती कुठंतरी बसायलाच हवी होती. ती मूर्ती इंदुबाई गावी, आपल्या कुलूपबंद घरात नेणार. तिघांनाही दीड दिवसासाठी तिकडेच घेऊन जाणार. मोरूला खाडी दिसेल, सुजयला आरतीत झांज वाजवायला मिळेल. रितेशलाही आता सांगायचं ते एवढंच, की आपला गणपती गावच्या घरी येणार. इंदुबाई म्हणत, आपण सगळी जिथं जाऊ ते आपलं घर, एवढं तरी त्याला पटेल.

पण त्या वाटेवरही माणसं उभी होती. पहिले त्यांचे मोठे दीर. यजमान गेल्यापासून घराण्याचा गणपती दिरांकडे बसतो, आणि एका घराण्यात दुसरा गणपती बसला म्हणजे चूल वेगळी झाली, असं आमच्याकडे धरतात. दीर म्हणाले, “वेगळा गणपती म्हंजे आजपासून तू वेगळी. मग सणासुदीला आमच्या पानावर बसू नको गो.” ऐन म्हातारपणी वेगळं निघायची हौस नव्हती इंदुबाईंना, पण त्यांनी ते ऐकून घेतलं.

दुसरा अडथळा संस्थेचा. घराबाहेर रात्र काढायची, तर प्रत्येकाच्या पालकाची लेखी संमती लागते. कधीकाळी काही विपरीत घडलं असेल, त्याशिवाय असे नियम होत नाहीत. सुजयच्या वडिलांनी त्याच दिवशी कागद धाडला. मोरूच्या भावानं दहादा फोन केल्यावर एकदाचा उचलला आणि कुठं सही करायची एवढंच विचारलं. अडलं ते रितेशच्या चुलत्यापाशी.

त्यांना इंदुबाईंनी स्वतः फोन केला. आमच्याकडं गणपती असताना पोरगा परक्याच्या गणपतीला जाऊन बसला, तर गावात आम्ही तोंड कसं दाखवायचं, असं चुलत्याचं म्हणणं. इंदुबाई म्हणाल्या, मग तुम्हीच न्या की त्याला, तुमच्या घरचाच तो.

“तेवढं यंदा नाय जमायचं,” चुलते म्हणाले.

मागच्या वर्षीही जमलं नव्हतं, त्याच्या मागच्या वर्षीही नाही. इंदुबाईंनी आवाज चढवला नाही. पाया पडते म्हणाल्या. चुलत्यांनी सणाच्या दिवसांत वाद नको म्हणून फोन ठेवला, आणि पुन्हा उचलला नाही.

एकट्या रितेशला मागं ठेवून दोघांना नेणं इंदुबाईंना पटेना. शिवाय त्यांच्या जागी बदलीवर येणारी शांती वसतिगृहातली. रितेश तिला ओळखतही नव्हता. निदान मोरू आणि सुजय घरात असले तर तो बिथरणार नाही, असं नमिता मॅडमचं मत पडलं आणि तेही बरोबरच होतं. शेवटी तिघंही पेणला राहणार असं ठरलं. दिवसा दर्शनाला नेऊन आणण्याचा विचार झाला. पण सणाच्या गर्दीत तिघांना घेऊन एकट्या शांतीनं एस.टी.नं जायचं कसं? इंदुबाईंना तर गणपती घरात एकटा टाकून उंबरा ओलांडता येणार नव्हता. दिरांकडचं कुणी तिथं बसायला येणार नव्हतं, आणि समीक्षाच्या सासरी त्यांचा स्वतःचा गणपती होता.

मी हे सगळं नंतर ऐकलं आणि प्रत्येक ठिकाणी कुणाला दोष द्यावा ते शोधू लागलो. घरमालकाला आपलं घर हवं होतं, संस्थेला नियम, दिराला घराणं, चुलत्याला इभ्रत. यातलं एकही चुकीचं म्हणून दाखवता येत नाही. एवढ्या रास्त माणसांनी मिळून तीन माणसांचा एक साधा सण मोडला, ही गोष्ट मात्र माझ्या घशाखाली अजून उतरलेली नाही.

रितेशला सांगायचं काम उरलं. इंदुबाईंनी ते पुनःपुन्हा केलं: गणपती गावाला जाणार, मी दोन दिवसांनी येणार. रितेश शांतपणे ऐकून घेई आणि कॅलेंडरवर बोट ठेवून म्हणे, “आपल्या घरी. सकाळी.” पहिल्यांदा सांगितलेलं त्याच्यापाशी पक्कं झालं होतं. त्यावर दुसरं लिहायला जागा नव्हती.

चतुर्थीला उजाडताच इंदुबाई कमळाकरच्या कारखान्यात गेल्या. मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकून त्यांनी ती रिक्षात मांडीवर घेतली. आळीतून गेलं असतं तर वाट जवळची होती. पण रितेश दारात उभा असणार, म्हणून त्यांनी रिक्षा मागच्या रस्त्यानं, बाजाराला वळसा घालून न्यायला लावली. ज्या घरासाठी ती मूर्ती घडली, त्या घराच्या नजरेला पडू नये अशा बेतानं ती पेणबाहेर निघाली. गावात आमच्यापैकी दोघं-चौघं आरतीला गेलो. दीर आले नाहीत. इंदुबाईंनी मोदक केले, पूजा नीट पार पाडली. नैवेद्य दाखवताना त्या मोरू, सुजय आणि रितेश यांची नावं घेऊन देवापुढं काहीतरी पुटपुटल्या. आम्ही न ऐकल्यासारखं केलं.

विसर्जन आटोपून त्या परतल्या, तेव्हा दारात मोरू उभा होता. त्यानं त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि मागं वळून आत पाहिलं. रितेश त्याच्या खोलीत, भरलेली बॅग मांडीवर घेऊन बसला होता. शांतीनं सांगितलं, की चतुर्थीला पहाटेपासून दुपार कलेपर्यंत तो उंबऱ्यात उभा होता. रडला नाही, कपाळ आपटलं नाही. समोर हैबतरावांकडे गणपती आला, वाजंत्री वाजली, सुजय त्याला ओढून तिकडं नेऊ लागला, तरी हलला नाही. मग आत गेला, कपाटातले कपडे बॅगेत भरले आणि शांतीपाशी येऊन विचारू लागला, “घरी कधी जायचं?” दोन दिवस तो एवढंच विचारत होता.

या घरात आल्यापासून त्यानं हे कधीच विचारलं नव्हतं. त्याचा हिशेब सरळ होता: गणपती आपल्या घरी येणार होता, इथं आला नाही, म्हणजे हे आपलं घर नव्हे.

इंदुबाई त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या. मोदक पुढं केला. “हेच घर हाय रं तुझं,” म्हणाल्या. रितेशनं मोदक खाल्ला, हात पुसला आणि विचारलं, “घरी कधी जायचं?”

त्या आठवड्यात हैबतराव कराराचे कागद घेऊन स्वतः आले. या वेळी ओट्यावर टेकले. तुम्ही माझा शब्द राखलात, आता अकरा महिन्यांची काळजी नाही, म्हणाले, आणि सगळ्यांसाठी आपल्याकडचा प्रसाद दिला. करारात एक कलम नवीन होतं: घरात कोणताही धार्मिक सोहळा करू नये. सही संस्थेची होती. इंदुबाईंना फक्त ते वाचून दाखवण्यात आलं. त्यांनी हैबतरावांना चहा दिला.

“बघा, झालं ना सगळं नीट,” हैबतराव म्हणाले.

“घर राहिलं, भाऊ,” इंदुबाई म्हणाल्या. “पण रितेश काय राहत नाय त्यात.”

हैबतरावांनी चहा संपवला. कप खाली ठेवून ते उठले.

पुढल्या वर्षी इंदुबाईंना पुन्हा गावी जावं लागणार. एकदा बसवलेला गणपती सोडता येत नाही, आणि वेगळी निघालेली चूल परत एक होत नाही. त्यांनी नमिता मॅडमना आत्तापासून सांगून ठेवलं आहे, की चुलत्यांच्या सहीचं काय ते तुम्ही बघा, मी त्या माणसाच्या पाया पडून चुकले. मॅडम बघते म्हणाल्या आहेत.

मी मागच्या महिन्यात पेणला गेलो, तेव्हा सुजय बाजारातून आला होता आणि टोमॅटोच्या भावावरून कुणाला तरी नावं ठेवत होता. मोरू पाणी भरत होता. इंदुबाई रितेशच्या बॅगेतले कपडे काढून, घड्या घालून कपाटात लावत होत्या. हे त्या रोज सकाळी करतात. संध्याकाळपर्यंत रितेश ते परत बॅगेत भरतो. त्यावरून त्या त्याच्याशी भांडत नाहीत.